दुसरी लाइन कुठे तुटली?

१

बर्फकाका यंत्रघरात पालथे पडलेले सापडले, तेव्हा मी दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसलो होतो. अर्धं तोंड बधिर, कानाला फोन, आणि फोनवर माझे साडू ओरडतायत, "अमोनिया सुटलाय हो! काका आत होते! या लवकर!" मी काय उत्तर दिलं ते त्यांना कळलं नसणार. मलाही कळलं नाही.

बर्फकाका तसे कुणाचेच काका नव्हते. सासऱ्यांनी फळांचं शीतगृह उभारलं तेव्हापासून तिथली थंड करणारी यंत्रं त्यांच्या ताब्यात. माणूस तुसडा. सकाळी नमस्कार केला तर "कशाला?" असं विचारणारा. पण माझे सासरे जगात कुणाचं ऐकत असतील तर त्या एका माणसाचं.

मी पोचलो तोवर त्यांना दवाखान्यात नेलं होतं. शीतगृहाचा कारभार बघणारे साडू पायरीवर बसले होते. डोळे लालभडक, सारखे गळतायत, खांद्यावर ओला टॉवेल. दाराच्या काचेतून त्यांना काका पडलेले दिसले आणि टॉवेल तोंडाला गुंडाळून हे गृहस्थ आत शिरले होते. एरवी झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारा माणूस.

"श्वास चालू होता," ते म्हणाले. "तेवढंच सांगू शकतो."

"घंटा वाजल्यावर काका बाहेर का नाही आले?" मी विचारलं.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "घंटा वाजलीच नाही."

"असं कसं?"

"मला काय विचारता? तुमची कचेरी, तुमचा संगणक!"

ते खरं होतं. गॅस सुटला की शीतगृहातलं यंत्र तो हुंगायचं आणि खबर आमच्या बाजारपेठेतल्या कचेरीला पाठवायचं. कचेरीतला संगणक मग दोन्हीकडची घंटा वाजवायचा. खबर पोचली नाही तर हुकूम नाही, हुकूम नाही तर घंटा नाही.

तेवढ्यात धाकटा मेहुणा धापा टाकत आला. कचेरी, आमचा कारखाना आणि शीतगृह या तिन्ही ठिकाणांना जोडणारं सगळं जाळं त्यानेच उभं केलेलं. त्याने मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे गटाराचं काम चालू होतं आणि खणणारं यंत्र मान खाली घालून उभं होतं. खड्ड्यात एक काळी केबल दुभंगून पडली होती.

"ही कचेरीकडे जाणारी," मेहुणा म्हणाला. "पण ही तुटली तरी काही बिघडत नाही, भाऊजी. कारखान्याकडून फिरून जाणारी दुसरी लाइन आहे. दोन्ही तुटल्याशिवाय घंटा बंद पडूच शकत नाही."

"मग?"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मग दुसरी कुणीतरी मुद्दाम तोडली."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टरबाई आल्या. कारखान्यांची सुरक्षितता बघणाऱ्या खात्याच्या. पायांत कापडी बूट, खांद्याला पिशवी. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"मला यातलं काही कळत नाही," त्यांनी सुरुवातच केली. "समजावून सांगा."

सांगायला मी! मला स्वतःला ते जाळं कधी कळलं नव्हतं. मी कचेरी सांभाळतो, पत्रं लिहितो. पण सासरे दवाखान्यात बसून होते आणि मेहुण्याला बोलायचं भान नव्हतं. मी टेबलावर तीन कप मांडले.

"ही कचेरी, हा कारखाना, हे शीतगृह. यांना जोडायचं कसं, यावर दोन वर्षांपूर्वी या खोलीत महाभारत झालं." माझा गाल अजून सुजलेला होता, त्यामुळे 'महाभारत' जरा ओलंच निघालं. "आम्ही एक सल्लागार बोलावले होते. ते म्हणाले, कचेरी मध्ये ठेवा, तिथून प्रत्येकाकडे एकेक लाइन सोडा. त्याला स्टार म्हणतात. सोपं, कुठे बिघडलं ते लगेच सापडतं. शिवाय शीतगृहासाठी बिनतारी जोडणी वेगळी ठेवा. आणि जमिनीत आपली केबल पुरण्यापेक्षा एखाद्या टेलिफोन कंपनीची लाइन भाड्याने घ्या, म्हणजे तुटली तर धावपळ त्यांची."

"आणि तुम्ही ऐकलं नाही."

"मेहुण्याने रिंग सुचवली. कचेरीतून कारखाना, कारखान्यातून शीतगृह, शीतगृहातून परत कचेरी." मी कपांभोवती बोट फिरवलं. "कुठेही एक ठिकाणी तुटलं तर खबर उलट्या बाजूने फिरून येते. सासऱ्यांना ते भारी आवडलं. शीतगृहाला दोन वाटा हव्यात, म्हणाले. बर्फकाका तिथे असतात."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी माझंच बोट चुकलं आणि कारखान्याचा कप उलटा झाला.

"म्हणजे घंटा बंद पाडायला शीतगृहाच्या दोन्ही लाइनी तुटायला हव्यात," बाई म्हणाल्या. "कचेरीची आणि कारखान्याची."

"बरोबर!"

"एक खड्ड्यात तुटली. दुसरी कुठे?"

आम्ही सकाळपासून तेच शोधत होतो. दुसरी लाइन नदीकाठच्या रस्त्याने गेली होती. रस्त्यावर कुठेही खड्डा नव्हता. कारखान्यात सगळं जागच्या जागी, शीतगृहातही.

"आणि आता ती चालू आहे?"

मी त्यांना बाहेरच्या बोळात नेलं. भिंतीवर तीन लाइनींचे तीन दिवे. खड्ड्यातली केबल संध्याकाळपर्यंत जोडली होती. तिन्ही दिवे हिरवेगार.

"म्हणजे ज्याने तोडली, त्यानेच जोडली," मी म्हणालो.

बाई दिव्यांकडे बघत राहिल्या. "काल दुपारी कारखान्यात बाहेरचं कोण होतं?"

मेहुणा दारात येऊन उभा होता. मला कळलंच नाही कधी आला ते.

"सल्लागार," तो म्हणाला. "न बोलावता आला होता. केबलच्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि आत एकटाच होता."

३

सल्लागार चिडकाच माणूस. टक्कल, जाड चष्मा, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघणार. बाईंनी त्यांना कारखान्यातच बोलावलं, त्या केबलच्या खोलीत.

"मी काल इथे होतो," ते म्हणाले. "मग? तुमच्या रिंगची मला खात्री वाटत नव्हती. ज्या दिवशी ठरली त्या दिवसापासून वाटत नव्हती. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू."

"तुमचा सल्ला मानला नाही म्हणून राग होता?" बाईंनी विचारलं.

"होता. अजून आहे. म्हणून काय मी माणूस मारीन?" त्यांचा आवाज चिरकला. "मी कपाट उघडलं, बघितलं, बंद केलं. कशाला हात लावला नाही. तेवढ्यात अपघाताचा फोन आला आणि सगळे पळाले. मीही पळालो."

"काय बघितलंत?"

"तारा. दुसरं काय असतं कपाटात?"

ऐकणाऱ्याला वाटावं, हाच तो. मला तर वाटलंच. बाईंनी मात्र त्यांना सोडून भिंतीभोवती एक चक्कर मारली. मग बाहेर जाऊन बाहेरून मारली. परत आल्या तेव्हा बुटांना चिखल.

"या खोलीतून केबल बाहेर जायला भोक एकच आहे का?" त्यांनी मला विचारलं.

मी बघितलं. एकच होतं, बाजाराच्या, म्हणजे कचेरीच्या बाजूला. "हो. का?"

"सहज," त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत मी म्हणालो, "सल्लागारच असणार. संधी होती, राग होता."

"मग त्याने जोडली कधी? अपघातानंतर ही खोली बंद होती. किल्ली पहारेकऱ्याकडे."

माझा सुजलेला गाल पुन्हा ठणकायला लागला.

"आता तुमचे साडू," बाई म्हणाल्या.

४

साडूंनी आमच्यासाठी खुर्च्या पुसल्या, मग स्वतःची पुसली, मग टेबल पुसलं. माझ्याकडे बघेनात.

"घंटेचा तुम्हाला त्रास व्हायचा म्हणे?" बाईंनी विचारलं.

"कुणी सांगितलं? यांनी?" साडू माझ्यावर उसळले. "हो, व्हायचा! सुरुवातीला उगीचच वाजायची. सगळी हमाल मंडळी बाहेर, गाड्या खोळंबलेल्या, आणि आत काही नाही. मी तक्रार केली होती. पण बंद पाडा असं म्हटलं नाही!"

"खणायची परवानगी कुणी दिली?"

साडूंचा उसळलेला आवाज एकदम बसला. "मी. कंत्राटदाराने विचारलं, इथे खाली काही आहे का. मी म्हटलं, कचेरीची केबल आहे, जपून. पण लागलीच तर घाबरू नका, आमच्याकडे रिंग आहे, दुसरी वाट आहे." त्यांनी टेबल पुन्हा पुसलं. "तुटल्यावर कचेरीत फोन घेणाऱ्या टेलिफोनवाल्या ताईचा फोन आला. तिलाही हेच सांगितलं."

"काका एकटेच का गेले आत?"

"पूर्वी दोघं जायचे. रिंग आल्यावर म्हटलं, आता घंटा आहे, दुसरा माणूस कशाला अडकवून ठेवायचा." हे बोलताना ते रडायला लागले. अमोनियाने नव्हे.

मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही. त्यांनी परवानगी दिली, त्यांनी दुसरा माणूस काढला, घंटेवर त्यांचा राग. सगळी बोटं त्यांच्याकडे वळत होती. पण मग टॉवेल गुंडाळून आत का शिरले? आणि कारखान्याच्या लाइनीला त्यांनी हात लावला कधी? माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. एक टोक ओढलं की दुसरीकडे गाठ बसत होती.

कचेरीत आल्यावर बाईंनी टेलिफोनवाल्या ताईला बोळात बोलावलं. ती घाबरून पदराचं टोक पिळत होती.

"तू साडूसाहेबांना फोनवर नेमकं काय म्हणालीस? आठवून सांग."

"म्हटलं, दिवे लाल झालेत."

"दिवा लाल झालाय, असं नाही?"

"नाही बाई. दोन होते ना. मी इथूनच चालले होते. फटकन दोन्ही गेले."

"एक गेला, मग दुसरा?"

"नाही, एकदमच. आणि संध्याकाळी आले तेही एकदमच. जणू एकाच बटणावर आहेत."

बाईंनी पहिल्यांदाच खुर्ची ओढली आणि बसल्या. "नदीकाठचा रस्ता बघायचाय मला," त्या म्हणाल्या. "आणि तुमचे मेहुणेही सोबत हवेत."

५

नदीकाठचा रस्ता म्हणजे रस्ता कसला, जुनी फरसबंद गल्ली. दोन्हीकडे मोठाली झाडं, त्यांच्या मुळांनी दगड वर उचललेले, दगडांच्या फटींत शेवाळ. आम्ही तिघं चालत होतो. मेहुणा पुढे, हात खिशात.

एका खिडकीत शिवणयंत्रावर एक बाई बसल्या होत्या. इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं, "इथे गेल्या दोन वर्षांत कधी खोदकाम झालं का हो?"

"इथे?" त्या हसल्या. "या झाडांना हात लावू देतात का कुणी? मागे मोजणीला आले होते, तर सगळी गल्ली भांडायला उठली. नाही बाई, कुदळसुद्धा पडली नाही."

मेहुणा चटकन म्हणाला, "खोदलं नाहीच. यंत्राने जमिनीखालून आडवं भोक पाडत नेली केबल. वर काही दिसत नाही."

"असं होतं?" बाईंनी मला विचारलं.

मला काय माहीत! मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही सांगता येणार नाही.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग एक प्रयोग करू."

दुपारी बोळात सगळे जमले. सासरे दवाखान्यातून आले होते, दाढी वाढलेली. साडू, टेलिफोनवाली ताई, मेहुणा, मी. शीतगृह त्या वेळापुरतं रिकामं केलं होतं आणि सल्लागार तिथे, काल केबल जोडली त्या पेटीजवळ उभे होते. बाईंच्या कानाला फोन.

"सगळ्यांनी दिव्यांकडे बघा," त्या म्हणाल्या. "पेटीतली ती एकच जोडणी मी त्यांना सोडवायला सांगणार आहे. कारखान्याकडे कुणी नाही. नदीकाठी कुणी नाही." मग फोनवर, "सोडवा."

दोन हिरवे दिवे एकाच क्षणी लाल झाले.

सासऱ्यांनी भिंतीला हात लावला.

"मी सकाळपासून दुसरा घाव शोधतेय," बाई म्हणाल्या. "दुसरी लाइन कुठे तुटली, कुणी तोडली, कुणी गुपचूप जोडली. सल्लागार जोडू शकत नव्हते, खोली बंद होती. साडूसाहेब कारखान्यात नव्हतेच. मग दोन माणसांनी एकाच क्षणी दोन ठिकाणी तोडली, आणि एकाच क्षणी जोडली? असं होत नाही. एका क्षणी दोन दिवे जातात, कारण घाव एकच असतो. कागदावर लाइनी दोन आहेत. जमिनीत केबल एक आहे."

"पण एका केबलमधून दोन लाइनी..." मी म्हणालो.

"जातात. तिच्या पोटात केसासारखे काचेचे कितीतरी धागे असतात. हे मला मघाशी सल्लागारांनी समजावलं, तीन वेळा. कारखान्याची लाइन बाजाराच्या बाजूच्या भोकातून निघते, कचेरीपर्यंत येते आणि इथून शीतगृहापर्यंत त्याच केबलमधल्या दुसऱ्या धाग्यांवर बसून जाते. नदीकाठी काहीच नाही." त्या वळल्या. "दुसरी लाइन कुणी तोडली नाही. ती टाकलीच नव्हती. बरोबर ना?"

मेहुण्याने हात खिशातून काढले.

६

"परवानगी मिळेना," तो म्हणाला. तो बाईंशी बोलत नव्हता. वडिलांशी बोलत होता. "गल्लीवाले झाडांवरून अडून बसले. मी चकरा मारत राहिलो. आणि तुम्ही उद्घाटनाची तारीख ठरवून पाहुण्यांना सांगून बसला होता. आठवतंय काय म्हणालात? तुझ्याच्याने होत नसेल तर जावईबापूंकडे देतो."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. माझ्याकडे! ज्याला तीन कप धड मांडता येत नाहीत त्याच्याकडे!

"म्हटलं, आत्ता त्याच केबलमधून नेऊ, मग परवानगी आली की दुसरी टाकू. दिवे हिरवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणी विचारलंच नाही. रोज हिरवे दिवे बघून मलाच वाटायला लागलं की रिंग झालीय. काल खड्डा बघितला तेव्हा आठवलं." त्याने तोंड झाकलं. "आणि मी सल्लागाराचं नाव घेतलं."

मी सासऱ्यांचा ओरडा ऐकायच्या तयारीत होतो. ते म्हणाले, "तू मला येऊन सांगायला हवं होतंस," आणि मग जरा थांबून, "मी ऐकलं नसतं."

बाईंनी त्यांचा अहवाल दिला. त्यात मेहुण्याचं नाव आहे, साडूंचं आहे, सासऱ्यांचंही आहे. पुढे काय व्हायचं ते खातं ठरवेल. शीतगृहाची घंटा आता तिथल्या तिथे वाजते, कचेरीला विचारत नाही, आणि यंत्रघरात पुन्हा दोघं जातात. जाळं सल्लागारांनी नव्याने आखलं. स्टार, भाड्याच्या लाइनी, शीतगृहाला बिनतारी जोडणी वेगळी. या वेळी सासऱ्यांनी प्रत्येक लाइन कुठून जाते ते पायी चालून बघितलं. मेहुणा सल्लागारांच्या घरी माफी मागायला गेला. त्यांनी दार उघडलं, माफी ऐकली आणि दार लावलं.

बर्फकाका शुद्धीवर आल्याचं कळलं तेव्हा मेहुणा म्हणाला, "मीच सांगणार त्यांना. तुम्ही फक्त सोबत चला, भाऊजी."

काकांच्या डोळ्यांवर पट्टी होती. गळा भाजलेला, आवाज म्हणजे नुसती घरघर. मेहुण्याने पलंगाच्या कडेला बसून त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. खड्डा, केबल, गल्ली, हिरवे दिवे. काही सोडलं नाही.

काकांनी ओठ हलवले. आम्ही वाकलो.

"वास आला होता मला," ते म्हणाले. "आत शिरताच आला. इतकी वर्षं वास आला की मी पळायचो." ते दम खायला थांबले. "या वेळी म्हटलं, घंटा वाजली नाही. म्हणजे थोडकाच असेल."

मेहुण्याने हात सोडला नाही, आणि काकांनीही तो काढून घेतला नाही.